कात्री न लागलेलं कापड

अवायु म्हणजे आयमारा बाईच्या पाठीवरचं चौकोनी वस्त्र. समोरासमोरची दोन टोकं छातीवर गाठ मारून बांधली की पाठीवर झोळी तयार होते. तिच्यात कधी मूल असतं, कधी बियाण्याचे बटाटे, कधी बाजारहाट. बोलिव्हियाचं उंच पठार, पेरूचा दक्षिण भाग आणि चिलीच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा हा आयमारांचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या एका मूळच्या समाजाचा, मुलूख. टिटिकाका सरोवराचं पाणीच मुळी ३८१२ मीटर उंचीवर आहे, तेव्हा थंडीची कल्पना यावी. बाहेरचा माणूस अवायु पाहतो आणि हमखास विचारतो, या नक्षीचा अर्थ काय? हा पक्षी कशाचं प्रतीक? विचारायला हरकत नाही. पण उत्तराच्या शोधात तो नक्षीवरच अडकून बसतो आणि कापड कसं झालंय ते बघायचं राहून जातं. माझ्या मते या विणकामाचा अर्थ चित्रांत थोडा आहे आणि बांधणीत फार. पीळ कोणत्या अंगाचा, काठ कुठून सुरू झाला, दोन अर्धी कशी जुळली, मधला पट्टा एकटा का, हे समजलं की पक्षी आपोआप आपल्या जागी बसतो.

सुरुवात पिळापासूनच करायला हवी, कारण विणणाऱ्या बाईचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. लोकर अल्पाकाची, लामाची (ही दोन्ही उंटाच्या कुळातली तिथली जनावरं) किंवा मेंढीची. मेंढी स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि आता घरचीच झाली आहे. अल्पाकाचा केस लांब आणि मऊ, तो अंगावरच्या कापडाला. लामाचा वरचा राठ केस पोत्यांना आणि दोरांना. सूत कातायचं ते कापूवर. कापू म्हणजे टकळी: काडी आणि तिच्या खालच्या बाजूला लाकडी चकती. लामांमागे चालता चालता, बाजाराच्या वाटेवर, गावच्या बैठकीत बसल्या बसल्या बाया कापू फिरवत असतात. एकेरी सूत झालं की दोन सुतं एकत्र करून कांती नावाच्या मोठ्या टकळीवर त्यांना उलट्या दिशेने पीळ देतात.

हा पीळ चांगला कडक लागतो. धागा सैल सोडला तर त्याने स्वतःभोवतीच वेटोळं घालावं, इतका. कारण सरळ आहे. या कापडात फक्त उभे धागे दिसतात. ताणा, म्हणजे हे उभे धागे, इतका दाट असतो की बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यात पूर्ण झाकून जातो. दाटीवाटीने बसलेले उभे धागे प्रत्येक ओळीला एकमेकांवर घासतात. पीळ ढिला असेल तर धाग्याला केस फुटतात, शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि बाणा घालायला ताणा उघडायचं नाव घेत नाही. ओढून उघडावा तर धागा तुटतो. सुताला खळ वगैरे लावायची पद्धत इथे नाही, जे काही बळ आहे ते पिळाचं. सूत रंगवताना गरम पाण्यात पीळ थोडा सैलावतो, म्हणून रंगवून वाळलेलं सूत पुन्हा एकदा कांतीवर चढवून आवळून घेतात. घाईत ही पायरी गाळलेलं कापड वर्षभरात गोळे धरतं.

आता जरा हिशेब करू. अवायु साधारण सव्वा मीटर लांब-रुंद असतं आणि ते दोन अर्ध्यांचं बनतं. एक अर्ध साठ सेंटिमीटर रुंद धरलं आणि सेंटिमीटरला वीस उभे धागे, तर झाले बाराशे धागे. प्रत्येकाची लांबी सव्वा मीटर, म्हणजे एका अर्ध्याच्या ताण्याला दीड किलोमीटर दुपदरी सूत. बाण्याचं पाच-सहाशे मीटर वेगळं. दोन अर्धी मिळून चार किलोमीटर आणि ते दुपदरी असल्यामुळे मूळ एकेरी सूत आठ किलोमीटर. हे सगळं हाताने, टकळीवर. जुनी बारीक वस्त्रं याहून कितीतरी दाट आहेत. विणायला किती दिवस लागले असं विचारणारा गिऱ्हाईक कातण्याचे महिने मोजतच नाही, आणि किंमत ठरवताना नेमकं तेच बुडतं.

पिळाला दिशाही असते. रोजचं सूत टकळी उजवीकडे फिरवून कातलेलं असतं. पण काही सूत मुद्दाम उलटं, डावीकडे फिरवून कातायचं आणि त्याचा दुहेरी पीळही उलटा द्यायचा. हे डाव्या पिळाचं सूत कापडाच्या दोन्ही कडांना वापरतात. एक कारण निव्वळ कारागिरीचं आहे. सगळे धागे एकाच पिळाचे असले की पीळ उलगडायला बघतो आणि कड गुंडाळली जाते. कडेला उलट पिळाचे थोडे धागे घातले की दोन्ही ताण एकमेकांना काटतात आणि कापड सपाट पडतं. उजवे-डावे धागे आलटून पालटून लावले तर एकाच रंगात उलटसुलट तिरक्या रेघा उमटतात, रंग न बदलता नक्षी होते. दुसरं कारण असं की डावा पीळ बाधा अडवतो. आजाऱ्याच्या मनगटाला किंवा घोट्याला असं सूत बांधून मग ते तोडतात, मृताच्या विधींत ते लागतं. आपल्याकडे श्राद्धाला जानवं अपसव्य करतात, त्याच जातीची ही गोष्ट: नेहमीची दिशा बदलली की कामाचा पक्ष बदलतो. कड सपाट राहावी आणि कडेतून काही वाईट आत येऊ नये, ही दोन्ही कामं एकच धागा करतो. यातलं खरं कारण कोणतं, असं विचारण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

माग म्हणाल तर जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या आणि त्यांना बांधलेले दोन आडवे दांडे, बस. ताणा लावायला दोघी लागतात. दोन टोकांना समोरासमोर बसून त्या सुताचा गुंडा एकमेकींकडे टाकत राहतात. धागा दांड्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरतो, म्हणजे मधे फुली पडते. ती फुली हा सगळ्या विणकामाचा कणा. ती सुटली तर कोणता धागा वरचा आणि कोणता खालचा हे कळायला मार्ग उरत नाही. पट्ट्यांचे रंग याच वेळी ठरतात, मागाहून बदलता येत नाहीत. साध्या पट्ट्याला एक गुंडा. नक्षीच्या पट्ट्याला दोन रंगांचे दोन गुंडे एकदम टाकायचे, म्हणजे गडद आणि फिका असे जोडीने धागे बसतात. दोघींपैकी एकीचा हात घट्ट आणि दुसरीचा सैल असला तर कापडात ते शेवटपर्यंत दिसतं. म्हणून मोठ्या ताण्याला कोणी कुणालाही बोलावत नाही, हात माहीत असलेली बहीण, सासू किंवा शेजारीणच लागते.

ताणा लावून झाला की दोन्ही टोकांच्या धाग्यांच्या वेटोळ्यांतून एक भक्कम दोरी ओवून तिने ताणा दांड्याला बांधतात. म्हणजे उभा धागा टोकाला कुठेच कापलेला नसतो, वळून परत येतो. विणून झाल्यावर दांडा सोडवला की तिथे तयार काठच मिळतो. बाजूच्या दोन कडा बाणा वळल्यामुळे आपोआप बंद होतात. असे चारही काठ मागावरच पुरे झालेलं कापड सुट्या दशांशिवाय, दुमडीशिवाय, कात्रीशिवाय खाली उतरतं. आयमारा विणकाम समजून घ्यायचं तर हा मुद्दा सोडून चालत नाही. हव्या त्या मापाचं कापड नंतर कापून घेऊ, असं इथे होत नाही. तारी, म्हणजे कोकाची पानं ठेवायचं लहान वस्त्र, हवी तर तारीच विणायची, पट्टा हवा तर पट्टाच. कापड हा जिवंत देह मानतात, त्याला तोंड असतं, हृदय असतं. असल्या देहाला कापायचं कसं?

फणी नाही, धोटा नाही. बाणा एका काडीवर गुंडाळलेला. अर्धे धागे वहीच्या, म्हणजे धागे उचलायच्या दांडीच्या, फासांत अडकवलेले, उरलेले अर्धे एका जाड दांड्याने वर धरलेले. वही उचलली की दाट ताणा लगेच उघडत नाही, तेव्हा कामाला येते ती विचुन्या. लामाच्या पायाच्या हाडाची, एका टोकाला घासून अणकुचीदार केलेली. ती ताण्यावरून खरखर ओढली की चिकटलेले धागे सुटतात. मग लाकडी पट्टी आत सरकवायची, तिच्या कडेवर उभी करायची, बाणा घालायचा आणि विचुन्येने ठोकून बसवायचा. नक्षीच्या पट्ट्यात हे पुरत नाही. तिथे प्रत्येक जोडीतला कोणता धागा वर यायचा ते बोटांनी आणि विचुन्येच्या टोकाने निवडायचं. फिका वर घेतला की त्याचा गडद जोडीदार खाली जातो, म्हणून कापडाच्या मागच्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगांत तयार होते. उलटी बाजू अशी नसतेच. मधोमध टोक येणारी नक्षी हवी असेल तर जोड्यांची संख्या विषम लागते. ताणा लावताना एक जोडी कमी पडली असेल तर ते इथे, पहिल्या चार ओळींतच उघड होतं, आणि मग एक तर सगळं उकलायचं किंवा कललेला पक्षी पदरी घ्यायचा. वर आलेला धागा एकदम तीन ओळींपेक्षा जास्त लांब मोकळा ठेवायचा नाही, हाही नियम पाळावा लागतो. मोकळा धागा बटाट्याच्या पोत्याला, बाळाच्या बोटाला अडकतो आणि ओढला जातो.

रुंदी हा आणखी एक छळ. बाणा जरा जास्त ओढला की कापड कमरेत बारीक होतं, सैल सोडला की कडेला त्याचे फास डोकावतात. जुने हात मधून मधून काडीने रुंदी मोजून पाहतात. पावसाने जमीन मऊ झाली की खुंट्या आत झुकतात आणि ताणा एका अंगाला ढिला पडतो. दगडाने त्या पुन्हा ठोकाव्या लागतात.

आणि शेवट. विणकाम एका टोकाकडून सुरू होतं, थोडं झालं की दुसऱ्या टोकाकडूनही चार बोटं विणून घेतात, मग पुन्हा पहिल्या बाजूने पुढे. दोन्ही बाजू जवळ येत जातात तशी मधली जागा आक्रसते. मोठी पट्टी मावत नाही, मग लहान पट्टी, मग नुसती काडी. वही काढून टाकावी लागते. अखेरच्या ओळी सुईने, एकेक धागा वरखाली करत ओवायच्या. या चार बोटांना आधीच्या हातभर कापडापेक्षा जास्त वेळ लागतो. तिथे ठोकायला जागा नसते, त्यामुळे बाणा जरा विरळ बसतो आणि नक्षी कधी सुटसुटीत होते, कधी थांबते. जाणकार अवायु हातात घेतल्यावर आधी ही पट्टी शोधतो. ती ज्या सफाईने मिटवली असेल त्यावरून विणणारीची पारख होते. यंत्रावरच्या कापडात ही जागा सापडणारच नाही.

असं एक अर्ध झालं की दुसरं विणायचं, पट्ट्यांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा ठेवून. दोन्ही अर्धी मधे शिवून जोडली की अवायु होतं. सांगायला सोपं, करायला अवघड. पहिलं अर्ध कोरड्या दिवसांत विणलं आणि दुसरं ओलसर दिवसांत, किंवा मधे महिना गेला आणि हात बदलला, तर लांबीत दोन बोटांचा फरक पडतो आणि शिवण सुरकुतते. अनुभवी बाई म्हणून दोन्ही अर्ध्यांचं सूत आधीच तयार ठेवते आणि दुसरा ताणा पहिल्याच खुंट्यांवर लावते. मधली शिवणही लपवायची नसते. ती रंगीत धाग्यांनी, दिसेल अशी घालतात. दोन बाजू वेगळ्या आहेत आणि जोडल्या आहेत, हे दिसायलाच हवं.

अवायुतला रुंद, साधा, बहुतेक काळा किंवा गडद रंगाचा भाग तो पांपा, म्हणजे मोकळं माळरान. नक्षीचे अरुंद पट्टे ते साल्ता. पांपा साधा असतो म्हणून रिकामा समजायचा नाही. तो इतका सपाट, एकसारखा विणणं हीच परीक्षा, कारण तिथे चूक झाकायला चित्र नाही. पट्ट्यांच्या कडेने एकाच रंगाच्या गडद ते फिक्या अशा बारीक छटा लावतात, त्यांना कीसा म्हणतात. त्या डोळ्याला एका रंगातून दुसऱ्यात अलगद नेतात. त्याच्या उलट काळ्याला खेटून पांढरा, असा धक्का देणारा मेळही असतो. कुठे अलगद जायचं आणि कुठे तोडायचं, यातच गावोगावच्या आवडीनिवडी आहेत. साल्त्यात पक्षी, तारे, घोडे येतात. घोडा काही मूळचा तिथला नाही, पण एकदा आला तो पट्ट्यात कायमचा शिरला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र तालेगा, धान्य-बटाटे ठेवायची साधी पिशवी. रंग नाही, नक्षी नाही, नुसते लोकरीच्या नैसर्गिक रंगांचे उभे पट्टे: काळे, तपकिरी, करडे, पांढरे. चिलीच्या उत्तरेत इस्लुगा इथल्या या पिशव्यांचा अभ्यास वेरोनिका सेरेसेदा यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि तोवर कुणी ढुंकूनही न पाहिलेली वस्तू एकदम चर्चेत आली. त्यांना दिसलं ते असं: पट्ट्यांची संख्या विषम असते, डावी आणि उजवी बाजू एकमेकींची प्रतिबिंबं असतात आणि मधोमध एक पट्टा बिनजोडीचा उरतो. त्याला चुय्मा म्हणतात, हृदय. तोच दोन बाजू वेगळ्या करतो आणि तोच त्यांना धरून ठेवतो. एक चित्र न काढता, एक अक्षर न लिहिता जग कसं मांडलंय ते नुसत्या पट्ट्यांच्या मोजणीने सांगायचं. ही मोजणी विणणारीच्या डोक्यात असते आणि ती ताणा लावतानाच पक्की व्हावी लागते.

मुली हे सगळं टप्प्याटप्प्याने शिकतात. आधी कातणं. मग तिस्नु, बोटभर रुंदीची पट्टी, पायाच्या अंगठ्याला एक टोक बांधून विणलेली. मग वाका, म्हणजे कमरेचा पट्टा, त्यात जोड्या मोजायची सवय होते. मग चुस्पा, कोकाच्या पानांची बटव्यासारखी पिशवी, आणि तारी, कोकाची पानं ठेवायचं हातरुमालाएवढं वस्त्र. अवायु सगळ्यात शेवटी. या पायऱ्या फक्त आकाराच्या नाहीत. तारी पसरून तिच्यावर पानं टाकून यातिरी, म्हणजे जाणता, कौल सांगतो. वाका तान्ह्या मुलाला गुंडाळायला लागतो. मुलगी लहान वस्तू विणते आणि घरातलं कुठलं काम कुठल्या कापडाविना अडतं तेही शिकत जाते.

रंगांबद्दल बाहेरच्या लोकांत एक हळवेपणा आहे, त्याबद्दल थोडं. निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला लाल, चिल्का झुडपाचा हिरवा, नीळ, आणि रंग पक्का बसायला कोल्पा नावाची तुरटीच्या जातीची खनिज माती, ही जुनी पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृत्रिम रंग पठारावर पोचले आणि बायांनी ते हात पसरून घेतले. भडक गुलाबी, जांभळा, पोपटी. पुढे बाजारात तयार ॲक्रिलिक सूत आलं, आठ किलोमीटर कातणं वाचलं, तेही घेतलं. याला ऱ्हास म्हणणाऱ्यांनी आधी आठ किलोमीटर कातून बघावं. खरी अडचण दुसरीकडे आहे. ॲक्रिलिक आणि लोकर एकाच ताण्यात शेजारी आली की दोन्हींचा ताणण्याचा आणि आकसण्याचा स्वभाव वेगळा असल्यामुळे पट्टे फुगतात, कापड लाटांसारखं उभं राहतं. शिवाय तयार सुताचा पीळ मऊ असतो. म्हणून जाणत्या बाया तेही कांतीवर चढवून पुन्हा पीळ देतात. म्हणजे धागा कारखान्याचा आणि शिस्त जुनीच.

आयमारा कापडाकडे सत्तेची नजर पहिल्यापासून होती. टिटिकाकाच्या काठच्या लुपाका या आयमारा लोकांची पाहणी स्पॅनिश अधिकाऱ्यांनी १५६७ मध्ये केली, तिच्या कागदपत्रांत करापोटी भरायच्या कापडाचा हिशेब आहे. आपल्या काळात ही नजर संग्राहकांची झाली. बोलिव्हियाच्या पोतोसी विभागातलं कोरोमा हे जुन्या आयमारा राज्यांच्या मुलखातलं गाव. तिथे पूर्वजांची वस्त्रं गाठोड्यांत बांधून जपतात. ती एका कुणाची मालमत्ता नसतात, गावाने नेमलेले राखणदार पाळीपाळीने सांभाळतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्वपितरांच्या दिवसांत, गाठोडी उघडतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी दलालांनी यातली पुष्कळ वस्त्रं बाहेर काढली. १९८३ च्या भयंकर दुष्काळात तर भुकेलेल्या माणसांना पैसे दाखवणं सोपंच झालं होतं. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विक्रीच्या निमंत्रणपत्रिकेवर कोरोमाचं वस्त्र छापलेलं दिसलं आणि बिंग फुटलं. बोलिव्हियाच्या समाजमानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना बुब्बा यांनी गावकऱ्यांबरोबर हा लढा उचलला. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने माल जप्त केला, १९८९ मध्ये या वस्त्रांच्या आयातीवर तातडीची बंदी आली आणि १९९२ मध्ये चाळीसहून अधिक वस्त्रं बोलिव्हियाला परत मिळाली.

सगळी आली नाहीत. वाद मालकीचा होता. दलालांचं म्हणणं, आम्ही रीतसर विकत घेतलं. गावाचं म्हणणं, ज्याने विकलं त्याची ती नव्हतीच, आणि जिवंत माणसांपैकी कुणाचीच नव्हती. ती ज्या पूर्वजांची, त्यांना विचारल्याशिवाय गाठोडं नुसतं उघडतादेखील येत नाही.